पाचवं पोटकलम

४ फेब्रुवारी

ताई,

खुशाली नंतर, आधी बातमी. माझं एक वाक्य राज्यघटनेत जायच्या वाटेवर आहे.

मसुदा विभागात बारा वर्षं काढली ती दुसऱ्यांच्या कायद्यांतले स्वल्पविराम सरळ करण्यात. या वेळी साहेबांनी घराच्या हक्काचं कलम माझ्याकडे दिलं. आजवर घटनेत काय होतं, तुला माहीत आहे. ज्याच्याकडे जमिनीचा कागद, त्यालाच घरातून काढण्याआधी कोर्टात बोलायचा हक्क. बाकीच्यांना नोटीस आली की गाठोडं बांधायचं. आता मी लिहिलंय: 'जी व्यक्ती एखाद्या जागी सलग दहा वर्षे राहत आहे, तिला न्यायालयाने म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय तेथून हलवता येणार नाही.' चार पोटकलमं आहेत, पण जीव या पहिल्यात आहे.

लिहिताना डोळ्यांसमोर आपलंच घर होतं. रंगाच्या हौदांमागची ती दोन खोल्यांची जागा. बाबा मरेपर्यंत म्हणायचे, घर आपलं आहे पण कागदाला ते माहीत नाही. आता कागदाला कळेल.

वीस एप्रिलला सार्वमत आहे. सोबत पत्रकाच्या पन्नास प्रती पाठवतोय. तू घरोघर लस टोचत फिरतेस, तुझं लोक ऐकतात. तेवढं समजावून सांग. लोक 'नाही' म्हणतील ते विरोधामुळे नाही, न समजल्यामुळे.

आईला सांग, वाक्याला अजून कुणी हात लावलेला नाही.

तुझा बाळ


१५ फेब्रुवारी

बाळ,

तुझं पत्र आईने तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा मला वाचायला लावलं, स्वतःला येत नसल्यासारखं. मग शेजारणीला बोलावून पाचव्यांदा.

पत्रकं संपली, आणखी पाठव. माझा क्रम असा आहे: आधी सुई, मग पोर रडतंय तोवर आईबापांना घटना. रडणं थांबेपर्यंत पहिलं पोटकलम होतं. हौदावरच्या बायकांना तिथेच उभं राहून वाचून दाखवलं. मावशींना तू ओळखतोस, कोपरापर्यंत निळे हात असलेल्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर, दहा वर्षं म्हणजे माझी चौपट झाली की. मग मला चार घरं मिळणार का?" सगळ्या हसल्या. पण निघताना त्यांनी पत्रक हात पुसून, कोपऱ्याला धरून घेतलं.

एकटा घड्याळजी अडून बसलाय. त्याच्या टपरीवर गेले तर डोळ्यावरची काच न काढता म्हणाला, "सरकार फुकट द्यायला लागलं की मी मागचं झाकण उघडून बघतो." मी म्हटलं, हे माझ्या भावाने लिहिलंय, याच गल्लीत वाढलेल्या पोराने. त्यावर त्याने पत्रक घडी करून खिशात टाकलं. पटलं म्हणून की माझी भीड पडली म्हणून, देव जाणे.

बाबा असते तर आज हौदावर सुट्टी जाहीर केली असती.

ताई


२ एप्रिल

बाळ,

एक गोष्ट विचारायची आहे आणि तिचं उत्तर लवकर हवंय. मधली माझी दोन पत्रं मिळाली असतील. त्यांना उत्तर नाही दिलंस तरी चालेल, याला दे.

घड्याळजी नगरपालिकेत गेला होता. तिथल्या फळ्यावर राजपत्र लावलंय. त्याने उभ्या उभ्या ते उतरवून आणलं. पत्रकात चार पोटकलमं आहेत, राजपत्रात पाच. पाचवं असं आहे, शब्दाला शब्द लिहिते:

'लोकहितासाठी आवश्यक असल्याचे शासनास वाटल्यास पोटकलम एक ते चार लागू होणार नाहीत, आणि तसे वाटण्याविषयी कोणत्याही न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येणार नाही.'

मला कायद्यातलं कळत नाही. पण मराठी कळतं. याचा अर्थ मला असा लागतो की चार हातांनी दिलं आणि पाचव्याने काढून घेतलं. घड्याळजीने तो कागद टपरीला चिकटवलाय. लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात. काल मावशींनी विचारलं. मी म्हटलं, भावाला विचारून सांगते.

तर सांग.

ताई


९ एप्रिल

ताई,

किती घाबरलीस. असं एक पोटकलम प्रत्येक मोठ्या कायद्यात असतं. पूर आला, साथ आली, धरण फुटायची वेळ आली, तर कोर्टाची तारीख मिळेपर्यंत लोकांना बुडू द्यायचं का? त्यासाठी ठेवलेली ती खिडकी आहे. रोजच्या वापरातली नाही. तांत्रिक तरतूद आहे म्हणूनच पत्रकात घेतली नाही, नाहीतर लोक पहिलं पोटकलम सोडून त्यावरच अडकून बसले असते. तुमच्याकडे तेच झालंय.

घड्याळजीला म्हणावं, घड्याळं उघड, घटना नको.

मी या खात्यात आहे, ताई. काही वावगं असतं तर सगळ्यात आधी तुला सांगितलं नसतं का? आई त्याच घरात राहते. लोकांना माझ्या शब्दावर सांग. माझं नाव घेऊन सांग.

तब्येतीला जप. इथे कामाचा डोंगर आहे.

बाळ


२४ एप्रिल

बाळ,

झालं. आपल्या शाळेतल्या केंद्रावर दहातल्या नऊ जणांनी 'होय'वर शिक्का मारला. देशभर एवढं कुठे पडलं नसेल.

तुझं पत्र आल्यापासून आठ दिवस मी लशीचा डबा घरी ठेवून फिरले. प्रत्येक दाराशी तेच सांगितलं: पूर, साथ, धरण. तू म्हणालास तसं तुझं नाव घेतलं. मावशींनी एवढंच विचारलं, "आपला बाळ म्हणतोय ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी पुढचं ऐकूनही घेतलं नाही, कपडे पिळायला लागल्या.

घड्याळजीशी मात्र माझं वाजलं. चारचौघांत त्याला म्हणाले, तुला कुणाचं चांगलं बघवत नाही. त्याने टपरीवरचा कागद स्वतःच काढला. "सिस्टर, मत मी माझंच देईन," म्हणाला, "पण तुमच्या आड येणार नाही." जरा जास्तच बोलले असं वाटतंय. एकदा जाऊन चहा पिऊन येईन त्याच्याकडे.

आई मत देऊन आली ती बाबांच्या फोटोसमोर जाऊन बसली. काय बोलली ते मला ऐकू दिलं नाही.

ये एकदा. लोक तुला बघायला टपलेत.

ताई


११ ऑगस्ट

बाळ,

जूनपासून हे माझं तिसरं पत्र. ऑफिसात फोन केला तर बैठकीत आहेस म्हणतात.

परवा सकाळी दारांवर नोटिसा चिकटवल्या. हौदांपासून नदीपर्यंत एकशे बारा घरं. मालगोदामांसाठी जागा हवी आहे. खाली त्या पाचव्या पोटकलमाचा हवाला आहे. पूर नाही, साथ नाही, धरणही नाही.

मी, मावशी आणि घड्याळजी 'सक्षम अधिकारी' असतो त्याच्याकडे गेलो. दोन तास बाकावर बसवलं. अधिकारी वाईट नव्हता. खुर्ची दिली. मी पहिलं पोटकलम पाठ म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "बाई, ते आहेच. पण शासनाला वाटलंय." मी विचारलं, शासनाला म्हणजे कुणाला? त्याने वर छताकडे बघितलं.

नव्वद दिवसांची मुदत आहे. तू काहीतरी करू शकत असशील. निदान हे चुकून झालंय की काय तेवढं कळव. लोक अजून मलाच विचारतायत, आणि मी अजून सांगतेय की भावाचं पत्र येऊ दे.

ताई


२९ ऑगस्ट

वन्सं,

साष्टांग नमस्कार. तुमची पत्रं घरी येऊन पडलीत, पण ह्यांना खरोखर श्वास घ्यायला उसंत नाही. म्हणून मीच दोन ओळी लिहायला घेतल्या, न राहवून.

आम्ही जुलैत नव्या सरकारी बंगल्यात राहायला आलो. पुढे चार झाडं लावण्याइतकी जागा आहे. आईंसाठी तळमजल्यावरची खोली रंगवून ठेवली आहे. तुमच्याकडची जागा जाणार हे ह्यांनी मला मेमध्येच सांगितलं होतं, म्हणून घाई करून घेतली. तुम्हालाही कळवलं असेलच.

उपसचिव झाल्यापासून हे घरात कमी बोलतात. बढतीचा आदेश एक एप्रिलला आला तेव्हा मला वाटलं कुणी एप्रिल फूल करतंय. ह्यांनी स्वतः काही सांगितलं नाही, पण साहेबांच्या पत्नी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या यजमानांनी ते पाचवं पोटकलम एका दुपारीत लिहून दिलं, नाहीतर सगळं अडलं असतं." मला अभिमान वाटला. घरी येऊन ह्यांना म्हटलं तर ताटावरून उठून गेले. कामाचा ताण, दुसरं काय.

आईंना केव्हा पाठवताय? तुम्हीही या.

तुमची भावजय


५ सप्टेंबर

बाळ,

तुझ्या बायकोचं पत्र मिळालं. तिच्यावर रागावू नकोस. घरात एक तरी माणूस खरं लिहितं.

म्हणजे ते वाक्य तुझं होतं. पहिलंही आणि पाचवंही. मी दोन एप्रिलला ते तुला उतरवून पाठवलं, शब्दाला शब्द, तेव्हा तू स्वतःचंच वाक्य वाचत होतास. आणि मला लिहिलंस, किती घाबरलीस.

तुझं पत्र मी खोटं मानलं असतं, तर आज मला एवढं लागलं नसतं. मी ते घेऊन एकशे बारा दारं फिरले. तू खोटं एकदाच बोललास, एका कागदावर. मी एकशे बारा वेळा बोलले, माणसांच्या तोंडाकडे बघून.

काल शाळेच्या मैदानात सगळ्यांना बोलावलं. उभी राहिले आणि दोन्ही पत्रं वाचून दाखवली. तुझं नऊ एप्रिलचं, मग तुझ्या बायकोचं. मला वाटलं होतं लोक ओरडतील, कुणी अंगावर येईल. लोक नुसते उठून जायला लागले. मावशी मात्र थांबल्या. म्हणाल्या, "तुला ठाऊक नव्हतं ना?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग हे आधी का नाही बोललीस? मी महिनाभर तुलाच शिव्या घालतेय." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात सहन झाला नाही.

घड्याळजीकडे चहाला गेले ते अशा दिवशी.

मला एकच हवंय. का?

ताई


१६ सप्टेंबर

ताई,

हे पत्र तुझ्यासाठीच आहे. वाचून जाळून टाक.

फेब्रुवारीच्या शेवटी साहेबांनी बोलावलं. म्हणाले, कलम असंच गेलं तर नदीकाठची एकही योजना उभी राहणार नाही, मंत्रिमंडळ ते मागे घेईल. एक सुटका ठेवा, मग जाऊ देतात. मी म्हटलं, पत्रकं वाटून झालीत. ते म्हणाले, पत्रक पुन्हा छापायचं नाही. राजपत्रात आहे म्हणजे लोकांना कळवलंच. मी खाली आलो आणि दुपारी चारपर्यंत लिहून दिलं. मला वाटलं, पाचवं नसेल तर पहिलंही जाणार नाही. काहीच नसण्यापेक्षा अर्धं बरं. पदोन्नतीचं तेव्हा मला माहीत नव्हतं. नंतर कळलं आणि मी घेतली.

तुला एप्रिलमध्ये खरं लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले. मग विचार केला, खरं कळलं तर तू 'नाही' म्हणून फिरशील, आणि तू फिरलीस की ते मंत्रालयापर्यंत पोचेल, की मसुदा लिहिणाऱ्याची बहीणच विरोधात आहे. हे लिहितानाही लाज वाटते. तुमची जागा यात येईल हे तेव्हा माहीत नव्हतं. मेमध्ये नकाशा पाहिला.

तू आणि आई इथे या. बाकीच्यांसाठी माझ्या हातात काही नाही, खरंच नाही. तुमच्यासाठी आहे.

आणि हे पत्र कुणाच्या हाती लागलं तर मी संपलो. तुला माझी दया यावी असं मी काही केलेलं नाही, पण लहानपणापासून तू मला पाठीशी घातलंस. एकदा अजून.

बाळ


३० सप्टेंबर

बाळ,

जाळायला वेळ लागत नाही, म्हणून दोन आठवडे पत्र ठेवलं.

घड्याळजीने एक वकील गाठलाय. तो म्हणतो, घरं काढण्याविरुद्ध कोर्टात जाता येत नाही, तुझ्या वाक्याने ती वाट नीट बुजवलीय. पण लोकांना अर्धं दाखवून पूर्णावर मत घेतलं, हे तरी विचारता येईल का ते बघू. त्यासाठी पत्रक मुद्दाम पुन्हा छापलं नाही याचा पुरावा हवा. तो पुरावा माझ्या कपाटात होता.

मी आईला तुझं पत्र वाचायला दिलं. ती खिडकीशी जाऊन बसली. वाचून झाल्यावर म्हणाली, "दोन कागद फाडले म्हणतो. तिसरा कशाला लिहिला?" आणि उठून भाजी चिरायला लागली.

काल मी पत्र वकिलाला दिलं. तुझ्या पाठीमागे काही करायचं नाही, म्हणून कळवतेय. तू मला ही संधी दिली नव्हतीस. मी तुला देतेय. आपणहून कोर्टात ये आणि हे खरं आहे म्हण. नोकरी जाईल. माझी भाकरी दोघांना पुरते, तिघांनाही पुरेल.

पाठीशी तुला मी खूपदा घातलं. या वेळी माझ्या पाठीशी तू एकटा नाहीस, एकशे बारा घरं आहेत.

ताई


१२ ऑक्टोबर

महोदया,

आपले दि. ३० सप्टेंबरचे पत्र मिळाले. आपण उल्लेख केलेले दि. १६ सप्टेंबरचे कोणतेही पत्र मी लिहिलेले नाही. आपल्याशी माझा गेल्या काही वर्षांत पत्रव्यवहार नाही. तसे शपथपत्र मी न्यायालयात सादर करीत आहे.

यापुढे या विषयावर संपर्क साधू नये.

उपसचिव (मसुदा)


१९ डिसेंबर

बाळ,

तुझ्या त्या टंकलिखित पत्रात तू संपर्क नको म्हणालास, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. हे शेवटचं.

तू कोर्टात होतास, पण आम्ही आत गेल्यावर मागच्या दाराने आलास आणि निकालाआधी निघून गेलास. म्हणून तुला कदाचित सगळं माहीत नसेल.

आईला साक्षीला बोलवायचं माझ्या मनात नव्हतं. तिनेच वकिलाला निरोप पाठवला. तुमच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "आजी, मुलगा तर शपथेवर सांगतो की हे अक्षर त्याचं नाही. तुम्हाला चष्मा लागतो, तुमची चूक होऊ शकते ना?" आई म्हणाली, "होऊ शकते. त्याला 'ळ' गिरवायला मीच शिकवला. तो उलट्या बाजूने सुरू करतो. तेव्हा वाटलं मोठा झाला की सुधारेल. तेवढी चूक झाली." न्यायाधीशांनी तुझ्या खात्याची फाइल मागवली. त्यात पाचव्या पोटकलमाचा मसुदा होता, तुझ्या हातचा. 'पोटकलम', 'लागू', सगळे 'ल' सरळ, 'ळ' एकही नाही. मग त्यांनी पान उलटलं. मागे तू सही करून लिहिलं होतंस, 'वेळेअभावी घाईत केले.' एकच 'ळ', तो उलटा. पत्रात असे सहा होते.

साक्ष देऊन परत येताना आई तुझ्या बाकापाशी थांबली. तू उठून उभा राहिलास. तुला वाटलं असेल काही बोलेल. मलाही वाटलं. ती म्हणाली, "पाय घे, वाट दे."

निकाल लागला. पत्र खरं आहे. लोकांना अर्धं दाखवलं, हेही खरं आहे. पण पत्रक न छापणं लोकहिताचं असल्याचं शासनाला वाटलं, आणि त्या वाटण्याविषयी प्रश्न विचारायला पाचव्या पोटकलमाने कोर्टाला मनाई आहे. न्यायाधीशांनी हे वाचताना एकदाही मान वर केली नाही. वाक्य तू पक्कं लिहिलं होतंस, कुठे फट ठेवली नाहीस.

सोमवारी घरं पाडली. आपलं दुपारच्या आत झालं, दोनच खोल्या. आम्हाला शहराबाहेर पत्र्याच्या रांगा दिल्यात. नदी नाही, त्यामुळे हौद नाहीत. मावशी दिवसभर हात मांडीवर ठेवून बसतात. निळा रंग उतरायला लागलाय. घड्याळजीने पत्र्याच्या खोलीतच टेबल मांडलं. आईने त्याच्या शेजारची रांग मागून घेतली. तुझ्या तळमजल्यावरच्या खोलीचं मी तिला पुन्हा विचारलं नाही, आणि तिने विषय काढला नाही.

निकालात एक ओळ शेवटी होती. खोटं शपथपत्र दाखल केल्याबद्दल तुझ्यावर खटला चालवायचा असेल, तर अर्जदारांनी तसा अर्ज करावा. अर्जदार एकशे बारा, पण पत्र माझ्या नावावर आलेलं, म्हणून सही माझी लागते. काल सगळे जमले. कुणी मला 'कर' म्हणालं नाही आणि कुणी 'नको' म्हणालं नाही. मावशी तर तुझ्यासाठी रडल्या. मी आईकडे बघितलं. तिने चष्मा काढून पेन माझ्यापुढे सरकवलं.

मी सही केली.

महिन्याभरात तुला समन्स येईल. घाबरू नकोस, नीट वाच. तुला वकील करता येईल. परवडत नसेल तर कोर्ट देईल. सुनावणी उघड्या कोर्टात होईल. तुझं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय तुला शिक्षा करता येणार नाही, आणि झाली तर वरच्या कोर्टात दाद मागता येईल. मी घटनेत बघितलं. ते कलम जुनं आहे, अजून कुणी दुरुस्त केलेलं नाही.

ताई